शेवटचे दहा मीटर

"मावशी, बाण उलटा फिरला गं! आता मागे जा म्हणतोय."

उपग्रहांवरून जागा सांगणारं जीपीएस यंत्र भाच्याच्या हातात होतं, आणि आम्ही एक लपवलेली डबी शोधत होतो. आम्ही एका जुन्या, ऐसपैस पसरलेल्या झाडाखाली उभे होतो. एका बाजूला ओल्या दगडाचा कडा, वर पानांचं छत इतकं दाट की आभाळाचे नुसते कवडसे दिसावेत. मिनिटभरापूर्वी स्क्रीनवर चार मीटर अंतर दिसत होतं. आम्ही जागचे हललो नव्हतो, तरी चाराचे सात झाले, साताचे अकरा झाले आणि बाण गर्रकन फिरून आम्ही आलो त्याच वाटेकडे बोट दाखवायला लागला. भाचा दोन पावलं मागे गेला, मग तीन पुढे, मग पुन्हा मागे. त्याची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. मी म्हटलं, "ठेव ते खिशात. आता हात आणि डोळे." त्याला ते अजिबात पटलं नाही. पण त्याने ठेवलं.

सहा-सात मिनिटांनी त्याला मुळांच्या बेचक्यात तीन दगड दिसले, एकाला एक लागून नीट मांडल्यासारखे. दगड असे आपोआप बसत नाहीत, ते कुणाच्या तरी हाताने बसवलेले असतात. दगडांमागे डबी होती. यंत्राने शून्य दाखवलं होतं त्या जागेपासून पावलं मोजली तर साधारण नऊ मीटर.

जिओकॅशिंगची, म्हणजे लपवलेल्या डब्या जीपीएसने शोधायच्या खेळाची, आवड असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "हातात धरायचं जीपीएस घ्यायचंय, कुठलं घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच कसोटी असते, अचूकपणा. कुठलं यंत्र डबीवर नेमकं नेऊन उभं करतं? त्या झाडाखालच्या संध्याकाळपासून मी या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या टोकाकडून द्यायला लागले. डबीवर नेमकं नेऊन उभं करणारं यंत्र नाही. चांगलं यंत्र तुम्हाला दहा मीटरपर्यंत आणतं, आणि मुख्य म्हणजे आपण किती चुकत असू हे खरं सांगतं. ते शेवटचे दहा मीटर तुमचे. म्हणून यंत्र निवडायचं ते त्याआधीच्या सगळ्या वाटेसाठी: पावसासाठी, उन्हासाठी, थकलेल्या हातासाठी, दाट झाडीसाठी.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिओकॅशिंगमधली कॅश म्हणजे रोकड नव्हे, कुणीतरी लपवून ठेवलेली डबी. लपवणारा तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, शोधणारा तिथे जातो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबी होती तशी परत ठेवतो. आत छोट्या वस्तू असतील तर एक घ्यायची आणि तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. हा खेळ जन्माला आला तो एका सरकारी निर्णयामुळे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे, आणि शंभर मीटरच्या घेरात डबी शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा होता. ठिकाण त्यांनी आकड्यांत जाहीर केलं. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती बादली शोधली. चूक उतरली आणि दुसऱ्याच दिवशी एका माणसाला वाटलं, आता हे करून बघता येईल. मला ही गोष्ट फार आवडते.

पण चूक उतरली म्हणजे संपली असं नाही. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. यंत्र त्यांना काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतं. प्रत्येक उपग्रहाचा संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला यावरून अंतर काढतं. हा वेळ असतो सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका, आणि त्यात एक मायक्रोसेकंदाची गफलत झाली तर अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो. एवढ्या नाजूक हिशेबातून मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरचा अंदाज निघतो, याचं मला आजही नवल वाटतं. झाडीत, कड्याखाली संदेश दगडावर आपटून वळसा घेत येतो. वळसा म्हणजे जास्त वेळ, जास्त वेळ म्हणजे जास्त अंतर. बिचाऱ्या यंत्राला वाटतं उपग्रहच लांब गेला.

त्यात इथे चुका दोन असतात, हे नवखा माणूस विसरतो. एक तुमच्या यंत्राची आज. दुसरी लपवणाऱ्याच्या यंत्राची त्या दिवशीची, जेव्हा त्याने आकडे टिपले होते. दोघांची चूक पाच-पाच मीटर असेल तर एकत्र हिशेब सातच्या आसपास जातो, आणि दोन्ही नेमक्या विरुद्ध बाजूंना झाल्या तर दहा. तुम्ही जगातलं सर्वांत महागडं यंत्र घेतलंत तरी फक्त तुमच्या बाजूची चूक कमी होते. लपवणाऱ्याची चूक आकड्यांत कोरून बसलेली असते. जाहीर होणारे आकडेही मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) हजाराव्या भागापर्यंतच असतात. अक्षांशात तो हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर. त्याहून बारीक काही विचारायची सोयच नाही.

मग यंत्रात बघायचं काय?

सगळ्यात आधी मी अँटेना बघते. हातातल्या यंत्रांत तो साधारण दोन तऱ्हांचा असतो. एक चपट्या चौकोनी वडीसारखा, यंत्राच्या आत बसवलेला. अशी यंत्रं गुळगुळीत आणि खिशात सहज मावणारी असतात, आणि ती तळहातावर आडवी, तोंड आभाळाकडे करून धरली की उत्तम ऐकतात. दुसरा मळसूत्रासारखा गुंडाळलेला, यंत्राच्या डोक्यावर बोटाच्या पेरासारखा बाहेर आलेला. हे यंत्र उभं धरायचं. बॅगेच्या पट्ट्याला उभं अडकवून चालणाऱ्याला हा दुसरा प्रकार फार सोयीचा. गार्मिन या कंपनीचं २००६ मधलं जीपीएसमॅप ६० सीएसएक्स हे असं डोकं असलेलं यंत्र झाडीत जिवाला जीव देणारं म्हणून नावाजलं गेलं, आणि अजूनही जुने खेळाडू त्याचं नाव मायेने घेतात. कुठल्याही प्रकारचं यंत्र चुकीचं धरलं तर बहिरं होतं. चपट्या अँटेनाचं यंत्र मुठीत उभं धरून, वर छातीशी घट्ट लावून चालणारे लोक मी पाहिले आहेत. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि हे क्षीण संदेश पाण्यातून येत नाहीत. अर्धं आभाळ त्यांनी स्वतःच झाकलेलं असतं.

दुसरी गोष्ट, यंत्र किती तऱ्हांचे उपग्रह ऐकतं. आता अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईडू हेही बहुतेक नव्या यंत्रांना ऐकू येतं. डोंगराच्या घळीत आभाळाची एक चिंचोळी पट्टीच दिसत असेल तर त्या पट्टीत जेवढे जास्त उपग्रह तेवढं बरं. त्याहून मोठा फरक पडतो तो दोन वारंवारता ऐकणाऱ्या यंत्रांनी. जुनी नागरी वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झची, नवी ११७६.४५ ची. नव्या संदेशाचे ठोके दहापट जलद असल्यामुळे थेट आलेला संदेश आणि दगडावर आपटून आलेला प्रतिध्वनी यांतला फरक यंत्राला जास्त चांगला कळतो. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरात संदेशाला होणारा उशीर दोन वारंवारतांवर वेगवेगळा असतो, त्यामुळे तो मोजून वजा करता येतो. गार्मिनच्या हातातल्या यंत्रांत ही सोय जीपीएसमॅप ६५ च्या सुमारास आली. कडेकपारींत, दाट रानात खूप फिरणार असाल तर पैसे इथे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. माळरानावर आणि बागांमध्ये फिरणार असाल तर गरज नाही.

होकायंत्राबद्दल मात्र मी हट्टी आहे. ज्या यंत्रात स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसतं त्याला दिशा कळते ती फक्त तुम्ही चालत असताना. आधी कुठे होता, आता कुठे आहात, यावरून ते दिशा काढतं. थांबलात की त्याचं दिशेचं भान सुटतं. आणि हा खेळ असा की शेवटच्या तीस मीटरांत माणूस थांबत थांबत, वाकत, वळत चालतो. नेमक्या त्याच वेळी बाण निरर्थक होतो. माझ्या पहिल्या यंत्रात होकायंत्र नव्हतं. बाण जागेवर आणायला मी झुडपांमधून पुन्हा पुन्हा वीस पावलं ताडताड चालत असे. होकायंत्र असलेलं यंत्र पहिल्यांदा हातात घेतलं, एका जागी उभी राहून स्वतःभोवती फिरले, आणि बाण ठाम एका दिशेला थांबलेला पाहिला तेव्हा मला खरोखर भरून आलं.

त्यातही दोन अक्षांचं होकायंत्र यंत्र अगदी सपाट धरलं तरच खरं बोलतं, तीन अक्षांचं थोडं वाकडं धरलेलं चालवून घेतं. गार्मिनच्याच एट्रेक्स मालिकेतल्या २२एक्स आणि ३२एक्स या भावंडांत मुख्य फरक हाच: ३२एक्समध्ये तीन अक्षांचं होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे, २२एक्समध्ये दोन्ही नाहीत. उंचीमापकाची या खेळात फारशी गरज पडत नाही. होकायंत्राची पडते. सेल बदलल्यावर मात्र ते पुन्हा जुळवून घ्यायचं, म्हणजे यंत्र सांगेल तसं तिन्ही बाजूंनी हळूहळू फिरवायचं. हे न करता निघालेला माणूस पुढे दिवसभर बाणाला दोष देत बसतो.

आता हात. भर पावसात एकदा मी फोन घेऊन डबी शोधायला गेले होते. स्क्रीनवर पाण्याचा थेंब पडला की फोनला वाटायचं बोट लागलं. नकाशा आपोआप मोठा व्हायचा, बाजूला सरकायचा, मध्येच भलतंच पान उघडायचं. बाहीने पुसावं तर बाही भिजलेली. मी झाडाच्या खोडाला टेकून, फोनवर ओंजळीचं छप्पर करून, अंगठ्याने नकाशा जागेवर आणत होते आणि तेवढ्यात पुढचा थेंब. बटणांच्या यंत्राला हे दुःख नाही. बोटं गारठलेली असोत, हातमोजे असोत, चिखल असो, बटण दाबलं की दाबलं जातं. स्पर्शाने चालणारी स्क्रीन घरात बसून नकाशा चाळायला सुरेख, पण रानात मी बटणंच पसंत करते. पाण्याची कसोटी म्हणून आयपीएक्स७ ही खूण बघावी: एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी यंत्र टिकतं. स्क्रीन दुकानाच्या दिव्याखाली न बघता उन्हात नेऊन बघावी. या यंत्रांच्या स्क्रीन बाहेरचा प्रकाश परतवून उजळतात, त्यामुळे दिव्याखाली मलूल वाटणारी स्क्रीन भर दुपारी लख्ख वाचता येते. दिव्याखाली झगझगणारा फोन त्याच उन्हात काळा आरसा होतो.

सेलचं म्हणाल तर दोन साधे पेन्सिल सेल घेणारं यंत्र मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. संपले तर खिशातले दुसरे घालून मिनिटाभरात पुढे चालता येतं. एट्रेक्स १० दोन सेलवर वीस-पंचवीस तास चालायचं. २०२३ मध्ये आलेलं एट्रेक्स एसई तर १६८ तासांपर्यंत चालतं, असं कंपनी सांगते. परत परत चार्ज होणारे सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार आठवणीने बदला. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या सेलचा १.५. ते न सांगितल्यास यंत्र भरलेले सेलही अर्धे संपलेले समजतं. थंडीत लिथियमचे सेल न्यावेत. साधे अल्कलाइन सेल गारठ्यात लवकर मान टाकतात.

माहिती यंत्रात भरायची सोयही बघावी, पण त्यावर फार खल नको. जीपीएक्स (ठिकाणांची माहिती साठवायची) फाइल घेणाऱ्या यंत्रात डबीच्या आकड्यांबरोबर वर्णन, सुगावा, आधीच्या शोधकांच्या नोंदी असं सगळं येतं, कागद न्यावा लागत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांत ही सोय आहे.

जुनं यंत्र घ्यायला मात्र भिऊ नये, आणि तपासल्याशिवाय घेऊही नये. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजतो ते १०२४ पर्यंतच, मग गणती पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असंच झालं आणि बऱ्याच जुन्या यंत्रांचं कॅलेंडर जवळजवळ वीस वर्षं मागे गेलं. म्हणून जुनं यंत्र मोकळ्यावर नेऊन सुरू करावं, उपग्रह सापडू द्यावेत आणि तारीख बघावी. बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं घेऊ शकतं, कारण सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक आभाळातून उतरवून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. एवढ्यावरून ते बिघडलंय असं ठरवू नये. मग सेलच्या कप्प्याचं झाकण उघडून आतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा गंज नाही ना, ते बघावं. गाडीत लावायचं यंत्र मात्र स्वस्त मिळालं तरी नको. ते वेगाने आणि रस्त्यावरून जाण्यासाठी बनवलेलं असतं, मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्याचं त्याला काही कळत नाही.

आणि यंत्र घेतल्या दिवशी करायचं एक काम. हे मी पायपीट करून शिकले. डबीचे आकडे अंश आणि दशांश मिनिटं अशा रूपात दिलेले असतात. माझं यंत्र अंश, मिनिटं, सेकंद या रूपात लावलेलं होतं. कागदावर ३०.५०० मिनिटं असं होतं, मी यंत्रात ३० मिनिटं ५० सेकंद भरले. खरं तर साडेतीस मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. वीस सेकंदांचा फरक, म्हणजे जमिनीवर सहाशे मीटरहून जास्त. मी एका काटेरी उतारावर दोन तास दगड उचलत होते, आणि डबी ओढ्यापलीकडच्या टेकाडावर निवांत होती. तेव्हा आकड्यांचं रूप जुळतंय ना, आणि नकाशाचा आधार डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस ज्या मापनचौकटीत आकडे देतं ती, आहे ना, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघून घ्या.

फोन पुरेसा नाही का, असं विचाराल तर सुरुवातीला पुरेसा आहे. खेळ आवडतो का हे कळायला फोनच घेऊन जा. आजचे फोन जागा चांगली सांगतात, काही तर दोन वारंवारताही ऐकतात. पण रानात फोन हा तुमचा घरी परतायचा, मदतीला हाक मारायचा धागा असतो. त्याची बॅटरी बाणामागे धावण्यात संपवू नये. स्वतंत्र यंत्र घ्यायला मला एवढं एकच कारण पुरे वाटतं.

माझ्या हातात आता जे आहे ते बटणांचं, तीन अक्षांच्या होकायंत्राचं, दोन पेन्सिल सेलचं. रंगीत नकाशा आहे, तो मी क्वचित उघडते. अंतर वीस मीटरवर आलं की मी थांबते आणि यंत्रालाही थांबू देते. झाडीत घाईघाईने चालत आलं की यंत्राचा अंदाज गोफणीतल्या दगडासारखा पुढे निघून जातो आणि मग सावकाश मागे येतो. अर्धा मिनिट उभं राहिलं की तो स्थिरावतो. मग आपण किती मीटर चुकत असू असं यंत्र सांगतंय ते वाचते. सहा म्हणालं तर सहाचं वर्तुळ मनात आखते, बारा म्हणालं तर बाराचं. आणि ते खिशात जातं.

गेल्या महिन्यात भाच्याने स्वतःची पहिली डबी लपवली. जागा निवडायला त्याने तीन रविवार घेतले. डबी ठेवल्यावर यंत्र तिच्यावर सपाट ठेवून, आपली सावलीसुद्धा त्यावर पडू नये अशा बेताने तो लांब जाऊन बसला. यंत्र पाच मिनिटं आकड्यांची सरासरी काढत होतं, आणि तो एखाद्या झोपलेल्या बाळाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत होता. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. पुन्हा पाच मिनिटं. दोन्ही दिवसांच्या आकड्यांत मिनिटाच्या तीन हजारांशांचा फरक आला.

"म्हणजे साडेपाच मीटर," त्याने तोंडी हिशेब केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, यातलं खरं कुठलं?"

मी म्हटलं, "दोन्हींच्या मधलं लिही."

त्याने लिहिलं. मग थोडा वेळ पेन्सिल चावत बसला, आणि सुगाव्याच्या रकान्यात स्वतःहून एक ओळ घातली: खांद्याच्या उंचीवर बघा, पायाशी नाही.